गूगल अर्थमधल्या ११ वर्षांच्या खुणा गेल्या. फाईल आहे, उघडत नाही. मदत हवी!

घाटपांड्या

मंडळी, काल रात्रीपासून जेवण गोड लागत नाहीये, तेव्हा प्रस्तावना न करता मुद्द्यावर येतो.

लॅपटॉपवर गूगल अर्थ प्रो आहे. त्यातल्या 'माय प्लेसेस'मध्ये २०१४ पासूनच्या माझ्या सगळ्या खुणा आहेत. होत्या म्हणायला जीभ रेटत नाही. गड, घाटवाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाजोगी देवळं, कुठल्या वाडीत कुणाकडे भाकरी मिळते, कुठल्या वाडीतली कुत्री अंगावर येतात, सगळं. शेवटचं मोजलं तेव्हा १,४०० च्या वर होत्या. शनिवारी नऊ नव्या टाकल्या, प्रोग्राम बंद करायला घेतला, गोल चक्र फिरत होतं आणि तेवढ्यात चार्जरची पिन निघाली. बॅटरी कधीच मेलेली आहे, त्यामुळे पिन निघाली की लॅपटॉप जागच्या जागी गार. (पिन माझ्याच पायात अडकून निघाली. घरी सांगितलंय की मांजर होतं. आमच्याकडे मांजर नाही.)

परत चालू केला तर डावीकडचा कप्पा रिकामा. नुसतं 'माय प्लेसेस' आणि खाली तो सोबत येणारा 'साइटसीइंग टूर'. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला, फरक शून्य.

काय करू? 'परत टाक की हळूहळू' असं कृपया कुणी म्हणू नका. डोक्यात राहत नाही म्हणूनच तिथे ठेवलं होतं.

चहात बुडालेलं बिस्कीट

मांजराची बाजू ऐकल्याशिवाय मत देणार नाही.

कडेलोट

परत टाक की हळूहळू. (पळा...)

जुना पत्रा

घाटपांड्या, पुढचं वाचायच्या आधी एक करा. तो प्रोग्राम आता उघडू नका. खरंच उघडू नका.

कारण सांगतो. तुमच्या सगळ्या खुणा एकाच साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असतात. तिचं नाव मायप्लेसेस डॉट केएमएल. शेजारी मायप्लेसेस डॉट बॅकअप डॉट केएमएल अशी आदली प्रत असते. प्रोग्राम बंद करताना नवी फाईल लिहिली जाते आणि जुनी बॅकअपच्या जागी सरकते. मूळ फाईल खराब झाली की प्रोग्राम रिकाम्या पाटीने सुरू होतो. तुम्ही घाबरून बंद केला की तो ती रिकामी पाटी इमानेइतबारे लिहून ठेवतो. परत उघडून बंद केलात की बॅकअपच्या जागीही रिकामी पाटी. म्हणजे वीज जाऊन जेवढं गेलं नाही तेवढं आपण 'बघू आता तरी येतंय का' करत घालवतो.

प्रोग्राम काढून टाकल्याने काही होत नाही, कारण ही फाईल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नसतेच. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ॲपडेटा हा शब्द रोमन लिपीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाका. 'रोमिंग' नावाचं फोल्डर उघडेल. तिथून एक पायरी वर या, मग 'लोकललो', त्यात 'गूगल', त्यात 'गूगलअर्थ'. बरेच जण रोमिंगमध्येच शोधत बसतात आणि फाईल नाहीच म्हणून परत येतात. तिथलं सगळं, दिसेल ते, पेन ड्राइव्हवर उचला. मग प्रत्येक फाईलचा आकार इथे सांगा.

घाटपांड्या

पत्राजी, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. कालपासून मी ते पाच वेळा उघडून बंद केलंय.

मायप्लेसेस ४ केबी. बॅकअप ४ केबी. पण तिसरी एक आहे, नावाच्या शेवटी टीएमपी. ती २.८ एमबी. तारीख शनिवारची, वेळ रात्री ११:५२. तीच का?

जुना पत्रा

तीच! अर्धवट लिहिलेली तात्पुरती फाईल. देवाला नारळ कबूल करा आणि तिच्या दोन प्रती काढा. मूळ फाईलला हात लावायचा नाही, जे काय करायचं ते प्रतीवर.

आता एका प्रतीच्या नावाचा शेवट बदलून एक्सएमएल करा आणि ती फायरफॉक्सच्या खिडकीत ओढून टाका. कुठल्या ओळीवर घोडं अडलंय ते ब्राउझर आकड्यासकट सांगतो. नवं काही उतरवून घ्यायची गरज नाही.

एक्सेलदादा

वाखुसा (वाचनखूण साठवली).

अवांतर: माझी फाईलही एकदा अशीच 'करप्ट' झाली होती, पण वीज-बीज काही गेली नव्हती. मित्रांनी मिळून एक्सेलमध्ये २०० ठिकाणांची यादी केली होती आणि मी सूत्र लावून तिची केएमएल बनवली. उघडेचना. दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की एका उत्साही मित्राने अक्षांश-रेखांश देवनागरी आकड्यांत लिहिले होते! दिसायला झकास, मराठी बाणा वगैरे, पण प्रोग्रामला १८ म्हणजे दोन चित्रं. ते सुधारलं तर पुढची अडचण: एका ठिकाणाच्या नावात 'आणि'च्या जागी इंग्रजी अँडचं वेटोळं चिन्ह होतं. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह उघडं चालत नाही, त्याला 'एएमपी'चा पेहराव लागतो. अर्थमध्ये नाव टाकलं तर तो आपणहून पेहराव चढवतो, हाताने फाईल बनवली तर आपण चढवायचा. तेही केलं. मग सगळ्या खुणा उमटल्या, पण महाराष्ट्रात एकही नाही.

ओस्लोकर

थांबा, मी सांगतो कुठे उमटल्या. आमच्याकडे!

केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. आपल्याला शाळेपासून उलटी सवय. रायगड १८.२३ उत्तर, ७३.४४ पूर्व. अदलाबदल झाली की ७३.४४ उत्तर, १८.२३ पूर्व, म्हणजे ट्रोम्सोच्याही उत्तरेला, बेअर बेटाच्या अलीकडे, भर समुद्रात. माझ्या भाच्याने पाठवलेल्या फाईलमध्ये २७ गड तिथे बुडालेले होते. मी त्याला कळवलं की सगळे जलदुर्ग झालेत, आरमार पाठवतो.

एक्सेलदादा

ओस्लोकर, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अगदी तेच.

विदर्भवीर

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे लोक नशीबवान. मी क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम वापरतो. तिथे खुणा वेगळ्या प्रकारच्या. 'स्पेशियल बुकमार्क' म्हणजे ठिकाण नाही, नकाशाची एक चौकट लक्षात ठेवायची. एक दिवस नागपूरच्या बुकमार्कवर टिचकी मारली तर पांढराफटक पडदा. मला वाटलं फाईल गेली. फाईल ठणठणीत होती. झालं असं की ७८ अंश पूर्वेला यूटीएम या मोजपद्धतीचा पट्टा बदलतो. पश्चिम महाराष्ट्र ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. कुणीतरी प्रकल्प ४३ वर नेऊन ठेवला होता आणि माझ्या जुन्या चौकटीचे आकडे ४४ चे. आकडे तेच, पण मोजायचं कुठून ते बदललं.

म्हणून सांगतो, खूण भलतीकडे गेली की लगेच 'करप्ट' म्हणू नये. फाईल फाटणं वेगळं आणि तिचा अर्थ चुकीचा लागणं वेगळं. ज्यांना खरंच फाटल्याची शंका आहे त्यांच्यासाठी: क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांत आपले बुकमार्क प्रोफाइलच्या फोल्डरमधल्या बुकमार्क्स डॉट एक्सएमएलमध्ये असतात, जुन्यांत क्यूजीआयएस डॉट डीबीमध्ये असायचे. प्रकल्पापुरते साठवलेले प्रकल्पाच्या फाईलमध्येच. आणि क्यूजीझेड ही नुसती झिप आहे, नाव बदलून उघडते.

कडेलोट

केएमझेडसुद्धा झिपच. आत डॉक डॉट केएमएल आणि फोटोंचं फोल्डर. मला हे कळायला २०२२ उजाडलं.

सह्यभटकी

विदर्भवीर +१. 'अर्थ चुकीचा लागणं' यावरून आठवलं. आमच्या ग्रुपमध्ये एकीने सिंहगडाची खूण टाकली. वहीतून वाचून. १८ अंश २१ मिनिटं ५६ सेकंद, ७३ अंश ४५ मिनिटं १९ सेकंद. तिने मिनिटं-सेकंद तसेच दशांशचिन्हापुढे लिहिले: १८.२१५६ आणि ७३.४५१९. खूण कुठे पडली सांगा? रायगडापासून दोन-अडीच किलोमीटरवर!! म्हणजे एवढी मोठी चूक, आणि तरी पडली गडाच्याच पायथ्याशी. त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. एक मुलगा फोनवर ती खूण लावून निघाला आणि वरंध घाट उतरायला लागल्यावर विचारतो, 'सिंहगड एवढा लांब आहे?'

चहात बुडालेलं बिस्कीट

त्याला गड आला, पण सिंह नाही.

जुना पत्रा

बिस्कीट, __/\__

कोकणी कोकम

मी एक विचारू? हे सगळं करण्यापेक्षा ऑनलाइन का ठेवत नाही? इंटरनेटवरच्या अर्थमध्ये आपोआप साठतं, पिन निघो नाहीतर मांजर येवो. २०२५ मध्ये लॅपटॉपच्या एका फोल्डरवर ११ वर्षांचा जीव टांगून ठेवणं म्हणजे... असो.

घाटपांड्या

कोकम, जखमेवर आमसुलाचा आगळ ओतलात, पण मुद्दा बरोबर आहे. माझी अडचण अशी की मी खुणा टाकतो त्या गावच्या घरून, जिथे नेट पावसावर चालतं. आणि हजारावर खुणा, पाच-पाच पातळ्यांची फोल्डरं, त्यात टॉपोशीट (सर्वेक्षण खात्याचे नकाशे) चढवलेली. हे डेस्कटॉपवर मला हाताळता येतं, तिकडे नाही.

फायरफॉक्सचं केलं. चूक दाखवतोय अगदी शेवटच्या ओळीला. ओळ क्र. ६१,३०८. त्याच्या वरचं सगळं ठीक आहे असं समजायचं का??

लिनक्सवाली मावशी

हो रे बाबा. फाईल मधे सडलेली नाही, नुसती शेपटी तुटलीये. हा सगळ्यात बरा प्रकार.

एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. प्रत्येक डब्याला झाकण लागतं. तुझ्या फाईलमध्ये शेवटचे डबे उघडे राहिले, म्हणून वाचणारा प्रोग्राम अख्खी चळतच नाकारतो. मी असते तर एक्सएमएललिंटला 'रिकव्हर' सांगून मोकळी झाले असते, तो उघड्या डब्यांना आपणहून झाकणं लावतो. तुझ्याकडे विंडोज आहे, तेव्हा हाताने कर. नोटपॅड++ मध्ये प्रत उघड. तळाला जा. वर सरकत शेवटचं पूर्ण बंद झालेलं 'प्लेसमार्क' (म्हणजे एक खूण) शोध, त्याच्या खालचं सगळं कापून दुसऱ्या फाईलमध्ये ठेव. फेकू नकोस! मग जेवढी फोल्डरं उघडी आहेत तेवढ्या वेळा फोल्डरचं झाकण, मग डॉक्युमेंटचं, मग केएमएलचं.

साठवताना अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८ च राहू दे. एएनएसआय केलंस तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतील.

सह्यभटकी

मावशी, हे माझ्या बाबतीत झालंय. 'नाखिंद' होतं तिथे सहा प्रश्नचिन्हं. खुणा ३००, सगळ्यांची नावं प्रश्नचिन्हं. नकाशा बघून वाटायचं मी सह्याद्रीला शंका विचारतेय. त्यातून परत येता येतं का?

लिनक्सवाली मावशी

प्रश्नचिन्हं साठवली असतील तर नाही. अक्षर गेलं, जागी खरोखरच प्रश्नचिन्ह बसलं. पण कधीकधी नावांच्या जागी टोपीवाला रोमन ए आणि चित्रविचित्र चिन्हं दिसतात, प्रत्येक अक्षराची तीन-तीन. ते घाबरण्यासारखं नाही. मजकूर शाबूत असतो, वाचणाऱ्याने चष्मा चुकीचा घातलाय एवढंच. यूटीएफ-८ म्हणून उघडलं की येतं.

जुना पत्रा

मावशींना एका बाबतीत किंचित विरोध. 'शेपटी तुटली' हे फायरफॉक्सवरून ठरवू नका. पिन निघते तेव्हा कधीकधी फाईलचा आकार पूर्ण दिसतो, पण शेवटचा भाग शून्यांनी भरलेला असतो. डिस्कवर जागा अडवली गेली, मजकूर उतरायच्या आत दिवा गेला. ब्राउझर पहिल्या अडचणीला थांबतो, पुढे काय आहे ते सांगत नाही. नोटपॅड++ मध्ये तळाला काळ्या पट्टीत 'एनयूएल एनयूएल एनयूएल' दिसतंय का पाहा. दिसलं तर २.८ एमबीतले किती खरे ते तेव्हाच कळेल.

लिनक्सवाली मावशी

मान्य. आधी तेच पाहा.

निवृत्त टॉपोशीट

मी ७१ वर्षांचा आहे. माझ्याकडे ४७ एफ मधली शीटं आहेत, एक लाकडी फूटपट्टी आहे आणि सहा वह्या आहेत. त्यांची पिन निघत नाही.

कडेलोट

काका, वाळवी?

निवृत्त टॉपोशीट

एका वहीला लागली. म्हणून 'सहा' लिहिलं, पूर्वी सात होत्या.

कोकणी कोकम

काकांचा प्रामाणिकपणा आवडला.

बाय द वे, घाटपांड्यांनी टॉपोशीट चढवली म्हणाले म्हणून: जुनी शीटं एव्हरेस्ट या पृथ्वीच्या जुन्या मापावर आणि अर्थ डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. शीटवरून आकडे वाचून तसेच टाकले तर खूण सरकते. तीही 'करप्ट' नव्हे.

घाटपांड्या

मंडळी!!!

रात्रीचा दीड वाजलाय, घरातले झोपलेत, ओरडता येत नाही म्हणून इथे ओरडतो. आल्या!!!

सविस्तर लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग होईल. तळाला एनयूएलची पट्टी होतीच. थोडी नव्हे, चांगली दीडशे पडदे भरून. काळजाचं पाणी झालं. ती सगळी कापली. त्याच्या वर एक अर्धवट प्लेसमार्क. मावशींनी सांगितल्याप्रमाणे तो वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. मग झाकणं लावली: दोन फोल्डर, डॉक्युमेंट, केएमएल. फायरफॉक्स म्हणे नाही, फोल्डर बंद करा. वर जाऊन मोजलं. 'सह्याद्री', त्यात 'पुणे-रायगड', त्यात 'घाटवाटा'. म्हणजे तीन. माझंच घर, आणि मला खोल्या किती ते ठाऊक नाही. तिसरं झाकण लावलं आणि फायरफॉक्सने झाड काढून दाखवलं.

नाव बदलून 'परत_आलेल्या' ठेवलं. मायप्लेसेसच्या जागी थेट बसवली नाही, 'फाईल'मधून 'ओपन' केली. सगळ्या 'टेम्पररी प्लेसेस'मध्ये उतरल्या. तिथून ओढून माय प्लेसेसमध्ये, मग लगेच सेव्ह माय प्लेसेस. (टेम्पररीत ठेवून बंद केलं तर विचारतो, आणि झोपेत 'नाही' दाबलं तर परत पहिले पाढे. दाबणार होतो.)

१,३९३ परत आल्या. शेवटच्या फोल्डरमधल्या काही गेल्या, त्यात शनिवारच्या नऊपैकी आठ. सात मला आठवतात, पुन्हा टाकल्या.

पत्राजी, मावशी, साष्टांग. नारळ उद्या.

कडेलोट

अभिनंदन! पण नऊपैकी आठ गेल्या, सात आठवतात. आठवी?

घाटपांड्या

तीच रुखरुख आहे. आठवी म्हणजे तो अर्धवट प्लेसमार्क. पाण्याची जागा. एका शेळ्या वळणाऱ्या मामांनी दाखवली. मुख्य वाट सोडून दहा पावलं आत, कड्याला चिकटून, बाहेरून दिसत नाही. आम्ही चौघं त्या वाटेने सहा वेळा गेलो होतो, तहानेने मेलो होतो, आणि पाणी तिथे दहा पावलांवर होतं. नाव आलंय, वर्णन आलंय: 'वाकडं उंबर, त्याच्या मागे. मार्चपर्यंत. भांडं लहान न्यावं.' पुढे फाईल तुटली. 'पॉइंट', म्हणजे खुणेचे अक्षांश-रेखांश, नाहीच. घाटाचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं की पुढच्या शनिवारी तिथे स्पीकर लागेल.

लिनक्सवाली मावशी

वर्णन आणि तुटलेला भाग यांच्या मधे काही आहे का? अर्थ जेव्हा प्लेसमार्क लिहितो तेव्हा वर्णनानंतर 'लुकॲट' लिहितो, पॉइंट त्याच्या बराच खाली. लुकॲट म्हणजे खूण टाकताना तू नकाशावर कुठे बघत होतास ते. त्यातही रेखांश-अक्षांश असतात. खुणेचे नेमके नाहीत, पण जवळचे.

घाटपांड्या

मावशी, लुकॲट आहे! पण नशीब बघा. रेखांश पूर्ण आलाय, दशांशचिन्हापुढे भरपूर आकडे. पुढच्या ओळीवर 'लॅटिट्यू' एवढंच, आणि मग एनयूएल.

चहात बुडालेलं बिस्कीट

म्हणजे पाणी उत्तर ध्रुव ते दक्षिण ध्रुव या रेषेवर कुठेतरी आहे. लहान भांडं न्यावं.

निवृत्त टॉपोशीट

अहो, घाटवाट आहे ना? देशावरून कोकणात उतरते, म्हणजे ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. तुमच्याकडे रेखांश आहे, म्हणजे उभी रेघ आहे. वाटेची रेघ तुमच्या त्या यंत्रात असेलच. दोन रेघा छेदतात तिथे जा. याला फूटपट्टी पुरते.

जुना पत्रा

काका, तुम्हाला मुजरा. इतकी तांत्रिक चर्चा झाली आणि हे कुणाला सुचलं नाही.

घाटपांड्या

काका!!! शनिवारचा जीपीएस ट्रॅक फोनमध्ये आहे. आत्ताच रेघ मारली. वाट नागमोडी आहे म्हणून तीन ठिकाणी छेदते. वरचं ठिकाण उघड्या माळावर, ते बाद. खालची दोन झाडीत, एकमेकांपासून साधारण ८० मीटर. बघत होतो तिथून खूण थोडी इकडेतिकडे असणार हे धरूनही एका दमात दोन्ही धुंडाळता येतील.

रविवारी पहाटे साडेचारला स्वारगेटहून निघतोय. गाडीत दोन जागा आहेत. काका, तुम्ही येणार असाल तर एकच.

निवृत्त टॉपोशीट

गुडघा विचारून सांगतो.

सह्यभटकी

दुसरी जागा माझी. भांडं मी आणते.

कोकणी कोकम

आणि निघायच्या आधी ती फाईल दुसरीकडे कॉपी केलीत ना?

घाटपांड्या

...करतो.